पावतीचं काय?

अण्णांनी आयुष्यात कधी नाटकात काम केलं नाही, पण इंदिरा गांधींचा आवाज ते फार छान काढायचे. मिरजेला आमच्या घराला गच्ची होती. उन्हाळ्यात रात्री वीज गेली की गच्चीवर पाणी मारून सतरंज्या पडायच्या आणि आम्हा भावंडांपैकी कुणीतरी म्हणायचं, "अण्णा, साठ लाख!" मग अण्णा उठून मांडी घालून बसायचे, मूठ कानाला लावायचे, घसा खाकरायचे आणि आवाज बारीक करून म्हणायचे, "मैं प्रधानमंत्री इंदिरा गांधी बोल रही हूँ." अंधारात आजीचा हात डोक्याकडे जायचा आणि ती पदर सारखा करायची. दरवेळी. पोटचा मुलगा समोर बसून आवाज काढतोय हे तिला दिसत असायचं, तरीही.

अण्णा एका बँकेत हेड कॅशिअर होते. पुढे १९८६ साली मीही बँकेत लागले, निम्मी नोकरी कॅशमध्ये काढली आणि २०२४ मध्ये निवृत्त झाले. 'साठ लाख' म्हणजे १९७१ साली एका बँकेतून गेलेल्या साठ लाखांची गोष्ट. लहानपणी मला ती चोरीची एक मजेदार गोष्ट वाटायची. कॅशच्या पिंजऱ्यात बसायला लागल्यावर कळलं की ही चोरी होणं शक्यच नव्हतं. आणि तरी ती झाली. भर दिवसा, दिल्लीत, संसद मार्गावर, स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत. बंदूक नाही, भुयार नाही, गॅस कटर नाही. एक टेलिफोन, बस्स.

तारीख २४ मे १९७१, वार सोमवार. दुपारचे बारा वाजायला आले होते. शाखेचे चीफ कॅशिअर वेदप्रकाश मल्होत्रा यांच्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडचा माणूस म्हणाला, पंतप्रधानांचे सचिव हक्सर बोलतोय. पंतप्रधानांना एका अत्यंत गुप्त कामासाठी साठ लाख रुपये हवे आहेत. त्या माणूस पाठवतील, त्याच्याकडे द्या.

मल्होत्रांनी विचारलं, चेकवर द्यायचे की पावतीवर?

इथे अण्णा थांबायचे. "बघा," म्हणायचे, "कॅशिअर आहे माणूस. पंतप्रधानांचं नाव निघालं तरी पहिला प्रश्न पावतीचा." लोक ही गोष्ट सांगताना मल्होत्रांना भोळसट, बावळट ठरवून मोकळे होतात, त्याचा अण्णांना फार राग होता. मलाही आहे. त्या सबंध दुपारी पहिला शहाणा प्रश्न त्यांनीच विचारला होता.

उत्तर मिळालं, काम तातडीचं आहे, चेक किंवा पावती नंतर मिळेल. मल्होत्रा म्हणाले, हे अवघड आहे साहेब. तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला, मग पंतप्रधानांशीच बोला. आणि फोनवर बाईंचा आवाज आला.

हा फोन करणारा चोर म्हणजे नागरवाला. नंतर त्याने कबुलीत सांगितलं की दोन्ही आवाज त्याचेच होते. आधी हक्सर व्हायचं, मग क्षणभर थांबून इंदिरा गांधी व्हायचं, आणि तेही अशा माणसापुढे, ज्याच्या एका शंकेवर सगळा डाव कोसळेल! आम्हा मुलांना हा भाग इतका आवडायचा की अण्णांना तो दोनदा करावा लागायचा. मधल्या क्षणाला ते रिसीव्हर या हातातून त्या हातात घ्यायचे, जणू खरोखरच दुसरं माणूस बोलायला आलं.

आता ते दिवस आठवा. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली होती. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे बंगाल, आसाम, त्रिपुरात येत होते. बांगलादेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीला भारत आतून मदत करतोय हे कुणी उघड बोलत नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. नुकतीच निवडणूक प्रचंड बहुमताने जिंकलेल्या बाई. अशा वेळी त्यांच्या आवाजात कुणी सांगतं की बांगलादेशाच्या गुप्त कामासाठी पैसे हवेत. त्यात अशक्य असं काय होतं? मल्होत्रांना सांगितलं गेलं की कुणाला बोलू नका, स्वतः पैसे घेऊन या. संसद मार्गावरच्या चर्चपाशी एक माणूस भेटेल. तो म्हणेल, "मैं बांग्लादेश का बाबू हूँ." त्यावर तुम्ही म्हणायचं, "मैं बार-ॲट-लॉ हूँ," म्हणजे बॅरिस्टर. असं झालं की तोच आपला माणूस.

बांगलादेशचा बाबू आणि बार-ॲट-लॉ! आम्ही पुढे कितीतरी वर्षं घराचं दार वाजलं की आतून विचारायचो, "कोण बाबू?" आणि धाकटा भाऊ, ज्याला बार-ॲट-लॉ म्हणता यायचं नाही, बाहेरून ओरडायचा, "मी बारा टाला!" आई कितीही घाईत असली तरी त्याशिवाय दार उघडत नसे.

गोष्टीचा पुढचा भाग लोक एका वाक्यात उरकतात: "मल्होत्रांनी तिजोरीतून पैसे काढले." मी मात्र इथे रेंगाळणार आहे, कारण माझी सगळी नोकरी या एका वाक्यात गेली.

बँकेची तिजोरी एका माणसाला उघडत नाही. तिला दोन किल्ल्या लागतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. एक कॅशिअरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. आम्ही त्याला जॉइंट कस्टडी म्हणतो. घरात कुणी वारलं असेल, ताप आला असेल, लग्न असेल, किल्ली रीतसर सह्या करून दुसऱ्याच्या ताब्यात दिल्याशिवाय हलता येत नाही. माझ्या थोरल्या मुलाच्या बारशाला मी किल्ली कमरेला लावून उभी होते, कारण रजा मंजूर झाली होती पण किल्ली घ्यायला येणाऱ्या माणसाची बस चुकली होती. नोटांचं प्रत्येक पॅकेट रजिस्टरला असतं. आत गेलेलं, बाहेर आलेलं, शिल्लक. संध्याकाळी हातातली रोकड आणि कागदावरची रोकड जुळली, टॅली झाली, की मग घर. एक रुपयाचा फरक असला तरी दिवे चालू. शोधूनही हिशेब लागला नाही, तर तो फरक तात्पुरता 'सस्पेन्स' नावाच्या खात्यात टाकायचा.

आणि पैसे तिजोरीबाहेर यायचे तर व्हाउचर लागतं. ते कुणीतरी पास करायचं, कुणीतरी सही करायची, कुणीतरी नोंद घ्यायची. एका माणसाला वेड लागू शकतं हे गृहीत धरूनच ही सगळी रचना केलेली असते. एकाला लागलं तर दुसरा थांबवेल.

दिल्लीत त्या दिवशी दुसराही होता आणि तिसराही. मल्होत्रांनी आपल्या डेप्युटीला रोकड काढायला सांगितलं. दुसऱ्या किल्लीवाल्याने किल्ली लावली. पैसे देणाऱ्या कॅशिअरने व्हाउचर मागितलं, तेव्हा मल्होत्रांनी स्वतः सही करून दिलं. म्हणजे नियम एकही मोडला नाही म्हटलं तरी चालेल! दोन किल्ल्या लागल्या, व्हाउचर झालं, सही झाली. प्रत्येकाने आपल्या वरच्याकडे पाहिलं, वरच्याने होकार दिला. सगळ्यात वरचा जो होता, तो टेलिफोनच्या पलीकडे होता.

साठ लाख म्हणजे किती, हे अण्णा आम्हाला बोटांवर शिकवायचे. शंभराच्या नोटा. शंभर नोटांचं एक पॅकेट, दहा हजारांचं. दहा पॅकेटांचं एक बंडल, लाखाचं. म्हणजे साठ बंडलं, सहाशे पॅकेटं, साठ हजार नोटा. चांगला हात असलेला कॅशिअर एक पॅकेट मिनिटभरात मोजतो, तर एका माणसाने पाणीही न पिता दहा तास मोजत बसायचं. त्या काळी दहा ग्रॅम सोनं दोनशे रुपयांच्या आसपास होतं. साठ लाखांत जवळजवळ तीनशे किलो सोनं आलं असतं. आजी हे ऐकून "अगं बाई" म्हणायची आणि गळ्यातली पोत चाचपायची.

एवढी रोकड ट्रंकेत भरली गेली, बँकेच्या ॲम्बेसिडर गाडीत चढवली गेली आणि मल्होत्रा ती गाडी स्वतः चालवत निघाले. पहारेकरी नाही, बंदूकवाला नाही. एरवी एका शाखेतून दुसऱ्या शाखेत पाच लाख न्यायचे तर आमच्या मागे-पुढे बंदूकवाले असायचे. पण काम गुप्त होतं ना.

चर्चपाशी एक उंच, गोरा माणूस गाडीजवळ आला आणि म्हणाला, "मैं बांग्लादेश का बाबू हूँ." मल्होत्रा म्हणाले, "मैं बार-ॲट-लॉ हूँ." तो गाडीत बसला.

हा रुस्तम सोहराब नागरवाला. पारशी, सैन्यातून कॅप्टन म्हणून बाहेर पडलेला, पन्नाशीचा. दोघं बराच वेळ एका गाडीत होते, मागे ट्रंक. ते काय बोलले असतील याचा मी नोकरीत असताना कितीदा तरी विचार केला आहे. मल्होत्रांच्या जागी मी असते तर मी काय बोलले असते? बहुतेक, "पावती कधी मिळेल?" हेच. कारण त्यांच्या मनात दुसरं काही असूच शकत नव्हतं. दुपारी डेप्युटी विचारणार, संध्याकाळी कॅश टॅली होणार, आणि साठ लाखांसमोर स्वतःच्या सहीशिवाय काही नाही.

दक्षिणेकडे जाऊन एका टॅक्सी स्टँडपाशी गाडी थांबली. ट्रंक टॅक्सीत गेली. नागरवालाने सांगितलं, आता थेट पंतप्रधानांच्या घरी जा, पावती तिथे मिळेल.

"आणि मोजून नाही घेतले!" इथे अण्णा मांडीवर थाप मारायचे. त्यांना त्या चोराबद्दल सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट ही. साठ लाख रुपये घेणारा माणूस पॅकेटं न मोजता निघून गेला, आणि एका चीफ कॅशिअरला त्यावरूनसुद्धा शंका आली नाही. "घेणारा न मोजता जायला लागला की त्याला हाक मारायची असते," अण्णा म्हणायचे. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला काउंटरवरून परत बोलावून पैसे मोजायला लावले होते, ते या वाक्यामुळे.

आता या साऱ्या प्रकरणातलं माझं सगळ्यात लाडकं दृश्य. मल्होत्रा पंतप्रधानांच्या निवासस्थानी पोचतात, पावती मागायला. तिथे कळतं, बाई संसदेत आहेत. ते गाडी वळवून संसदेकडे जातात. मे महिन्यातली दिल्लीची दुपार आहे. एक मध्यमवयीन कॅशिअर, रिकामी ॲम्बेसिडर, आणि देशाच्या पंतप्रधानांच्या मागे एका पावतीसाठी फिरणं. तोवर त्यांना शंका आली होती की नाही, कोण जाणे. मला वाटतं, आली नसावी. आली असती तर माणूस पोलिसांकडे जातो, नाहीतर घरी जाऊन अंथरुणात तोंड खुपसतो. पावती मागत फिरतो तो माणूस अजून आपल्या जगात असतो, जिथे पैसे दिले की कागद मिळतो.

संसदेत त्यांची गाठ खऱ्या हक्सरांशी पडली. पी. एन. हक्सर, थंड डोक्याचे, काश्मिरी पंडित, त्या काळातल्या दिल्लीतला फार मोठा माणूस. त्यांनी सांगितलं की आपण असा फोन केलेला नाही, तुम्ही पोलिसांकडे जा.

हे वाक्य ऐकताना मल्होत्रांना काय झालं असेल ते कॅशवाल्यालाच कळेल. संध्याकाळी दोन हजार शॉर्ट आले तर पायाखालून फरशी सरकते. मी अनुभवलंय. हात गार पडतात, पुन्हा पुन्हा तेच ड्रॉवर उघडलं जातं, जिथे काही नाही हे माहीत असतं तिथेच. दोन हजारांना ही गत, तर तो आकडा मला झेपतच नाही.

तोवर शाखेत डेप्युटी दोनदा पावतीबद्दल विचारून थकले होते. त्यांनी वर कळवलं आणि बँकेची तक्रार पोलिसांत गेली. पुढे मात्र दिल्ली पोलिसांनी कमाल केली. तपास डी. के. कश्यप या तरुण अधिकाऱ्याकडे आला, मोहिमेला 'तूफान' नाव पडलं आणि त्याच रात्री दहाच्या आत नागरवाला दिल्ली गेटजवळच्या पारशी धर्मशाळेत सापडला. बहुतेक रक्कम डिफेन्स कॉलनीत त्याच्या एका मित्राच्या घरी मिळाली. साठ लाखांपैकी एकोणसाठ लाख पंच्याण्णव हजार! सकाळी शाखा उघडली तेव्हा बँकेत असलेले पैसे रात्री जेवणं होईपर्यंत पोलिसांकडे जमा.

नागरवालाने कबूल केलं. म्हणाला, बँकेत नोट मोडायला गेलो होतो, तेव्हा ही कल्पना डोक्यात आली. पैसे ठेवून घेण्यात रस नव्हता, बांगलादेशाकडे लोकांचं लक्ष वेधायचं होतं. २७ मे रोजी, म्हणजे अटकेनंतर तिसऱ्या दिवशी, न्यायालयाने त्याला चार वर्षं सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड ठोठावला. सुनावणी म्हणावी अशी झालीच नाही. आमच्या बँकेत चाळीस रुपयांच्या जादा प्रवासभत्त्याची चौकशी अकरा महिने चालली होती.

आता मला माझा फोन सांगायचा आहे.

१९९४ चा मार्च, शेवटचा आठवडा. मी एका लहान गावातल्या शाखेत कॅश सांभाळत होते. मॅनेजर वसुलीला बाहेर गेलेले. दुपारी दोनच्या सुमारास फोन आला. विभागीय कार्यालयातून बोलतोय, साहेबांशी बोला. आणि मी उभी राहिले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आजही कानात आहे. फोनवर साहेब बोलणार म्हणून मी उभी राहिले. ते शंभर किलोमीटरवर होते. साहेबांचा आवाज म्हणाला, आपल्या एका पाहुण्यांची गाडी तुमच्या गावाजवळ बंद पडली आहे, ते येतील, त्यांना पंचवीस हजार द्या, व्हाउचर उद्या पाठवतो.

मी "हो सर" म्हणाले. अण्णांची मुलगी, साठ लाखांची गोष्ट पाठ असलेली, बार-ॲट-लॉ म्हणून दार उघडणारी, मी "हो सर" म्हणाले. तोंडातून तेच बाहेर आलं.

हातातल्या रोकडीत तेवढे पैसे नव्हते, तिजोरी उघडायला हवी होती, आणि दुसरी किल्ली आमच्या अकाउंटंटकडे होती. ते मागच्या खोलीत डबा खात होते. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. मी सगळं सांगितलं. पाहुणे तोवर काउंटरवर येऊन उभे होते. अकाउंटंट म्हणाले, "जेवताना मी किल्लीला हात लावत नाही." सावकाश जेवले. डबा विसळला. मग म्हणाले, "बाई, आपण साहेबांना उलटा फोन लावू." एसटीडी लागेना. पाऊण तास आम्ही आळीपाळीने नंबर फिरवत होतो. पाहुणे शेवटी वैतागून निघून गेले.

फोन खरा होता. साहेबच बोलले होते, पाहुणेही खरेच होते. आठ दिवसांनी मला आणि अकाउंटंटना मेमो आला. वरिष्ठांच्या तोंडी सूचनेचं पालन करण्यात दिरंगाई, खुलासा करावा. खुलासा केला, प्रकरण मिटलं, पण अकाउंटंटची बढती त्या वर्षी राहिली. त्याचं कारण हेच, असं कुणी लिहून दिलं नाही. अशा गोष्टींची पावती मिळत नसते.

ते मेमोचं पाकीट मी अण्णांना दाखवायला मिरजेला नेलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग आईला हाक मारून म्हणाले, "अगं, आज पुरणपोळी कर."

त्या दिवसापासून मल्होत्रांकडे मी वेगळ्या नजरेने पाहते. लोक सहज विचारतात, त्यांनी एक फोन उलटा का नाही लावला? दोन मिनिटांचं काम. अहो, पंतप्रधानांच्या घरी फोन लावून "मघाशी आपणच बोलत होता ना?" असं विचारायचं? आणि उत्तर "हो" आलं तर? शंका घेतली आणि फोन खोटा निघाला तर शाबासकीचं कुणी आश्वासन देत नाही. शंका घेतली आणि फोन खरा निघाला तर मेमो नक्की. नागरवालाला तिजोऱ्यांची माहिती किती होती कोण जाणे, पण हे गणित त्याला पक्कं कळलं होतं. त्याने किल्ल्या चोरल्या नाहीत. किल्लीवाल्यांनी आपणहोऊन किल्ल्या लावल्या. आजीने अंधारात पदर सारखा केला, तसंच.

इथपर्यंत अण्णा गोष्ट हसत सांगायचे. पुढचं ते आम्हाला सांगत नसत. मला ते मोठेपणी कळलं आणि तिथे हसू येत नाही. नागरवालाने नंतर आपला कबुलीजबाब फिरवला, फेरसुनावणी मागितली. तुरुंगातून त्याने मुंबईच्या 'करंट' साप्ताहिकाचे संपादक डी. एफ. कराका यांना भेटायला बोलावलं. कराकाही पारशी. ते आजारी होते, त्यांनी सहकाऱ्याला पाठवलं. नागरवाला त्याच्याशी बोलला नाही. जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. नोव्हेंबर १९७१ मध्ये, ज्यांनी एका दिवसात चोर पकडला ते कश्यप मोटार अपघातात गेले. नुकतंच लग्न झालं होतं, मधुचंद्राच्या प्रवासात होते. २ मार्च १९७२ रोजी नागरवाला कैदेत असतानाच दिल्लीच्या इस्पितळात वारला. त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता. मल्होत्रांची नोकरी गेली.

लोकांनी संसदेत आणि बाहेर प्रश्न विचारले, आणि ते रास्त होते. पंतप्रधानांच्या नावाने साठ लाख मागितल्यावर चीफ कॅशिअरला पावतीची अडचण वाटली, रकमेचं नवल का वाटलं नाही? असे फोन आधी कधी आले होते का? पैसे कुणाच्या खात्यातले? १९७७ मध्ये जनता सरकारने न्यायमूर्ती पी. जगनमोहन रेड्डी यांचा आयोग नेमला, जाडजूड अहवाल आला, आणि गावोगावच्या बँकांमधल्या आमच्यासारख्या माणसांच्या मनातले प्रश्न जिथे होते तिथेच राहिले. कारस्थानांच्या गोष्टी पुष्कळांनी रचल्या. मी त्यात पडत नाही. मला माहीत आहे ते काउंटरच्या अलीकडचं.

अलीकडचं म्हणजे हे. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त मास्तरांना व्हिडिओ कॉल आला. पलीकडे गणवेशातला माणूस, मागे पोलिस ठाण्यासारखी खोली. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला डिजिटल अरेस्ट झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला बोलायचं नाही. मास्तर चार तास हलले नाहीत. त्यांनी बनियनवर सदरा चढवला, बटणं लावली आणि ताठ बसून राहिले. सून भाजी घेऊन आली, तिने फोन ओढून घेतला म्हणून वाचले. मला त्यांनी हे सांगितलं तेव्हा सदऱ्याबद्दल सांगताना त्यांचा आवाज बसला. मी त्यांना आजीच्या पदराचं सांगितलं, माझ्या खुर्चीचं सांगितलं. मग ते जरा मोकळे झाले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये देशाच्या पंतप्रधानांना 'मन की बात'मधून लोकांना सांगावं लागलं की डिजिटल अरेस्ट असं काही कायद्यात नसतं, फोनवरून असं कुणी विचारलं तर थांबा, विचार करा. मी स्वयंपाकघरात ते ऐकत होते आणि मला मल्होत्रांची फार आठवण झाली. त्रेपन्न वर्षांपूर्वी हे कुणी रेडिओवरून सांगितलं असतं तर? आता तर कुणाचाही आवाज कॉम्प्युटरवर तयार करता येतो. नागरवालाला निदान घसा खाकरावा लागला होता.

अण्णा २००९ साली गेले. शेवटच्या उन्हाळ्यात त्यांना गच्चीवर चढवत नव्हतं, तर माझ्या मुलांनी खालीच अंगणात खाट टाकली आणि म्हणाली, "आजोबा, साठ लाख." अण्णांनी मूठ कानाला लावली. आवाज पूर्वीसारखा बारीक होत नव्हता, पण हक्सर झाले, इंदिरा गांधी झाल्या, बाबू आणि बार-ॲट-लॉ झाले, टॅक्सी झाली. मल्होत्रा पावती मागत संसदेत गेले. रात्री पोलिसांनी नोटा मोजल्या.

"एकोणसाठ लाख पंच्याण्णव हजार," अण्णा म्हणाले. "म्हणजे शॉर्ट किती?"

"पाच हजार!" मुलं ओरडली.

"त्यातले पाचशे नागरवालाने टॅक्सीवाल्याला दिले. तोंड बंद ठेवायला. ते धरा." अण्णांनी बोट मिटलं. "उरले?"

"साडेचार हजार."

अण्णा थोडा वेळ खाटेवर पडून वर बघत राहिले. हिशेब लागत नसला की ते असेच बघायचे. मग म्हणाले, "सस्पेन्सला टाका. उद्या बघू," आणि कुशीवर वळले.